पाऊस नसतानाही तंबू आतून ओला का होतो: कोकणातल्या एकट्या मुक्कामाची नेहमीची अडचण

कोकणात भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत पाठीवर सॅक घेऊन एकट्याने डोंगर आणि सडे (जांभ्या दगडाची उघडी पठारे) तुडवणाऱ्यांची एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, आणि स्वतःही इतकी वर्षे केली आहे, की तिचे शब्दसुद्धा ठरून गेले आहेत. संध्याकाळी उघडीप बघून तंबू उभा केला, जेवण उरकून कोरड्या अंगाने आत शिरलो, आणि पहाटे तीनच्या सुमारास कपाळावर थेंब पडून जाग आली. विजेरी लावून पाहिले तर वरचे कापड आतून ओलेगच्च, पायाकडचे पांघरूण चिंब आणि मॅट उचलल्यावर खाली पाण्याची चकाकी. यावरून एकच निष्कर्ष काढला जातो, तो म्हणजे तंबू गळतो. घरी आल्यावर शिवणींवर सीलंट फासले जाते, पुढच्या मुक्कामाला पुन्हा तेच घडते, आणि अखेर तंबू बदलला जातो. नवा तंबूही तिसऱ्या रात्री 'गळू' लागतो.

माझा पहिला तंबू मी असाच गळका ठरवून पुण्याच्या मावसभावाला देऊन टाकला. त्याने तो पुढे चार वर्षे जुन्नर आणि पुरंदरच्या बाजूला, बहुतेक वेळा मार्गशीर्ष-पौषात वापरला. एकदा अवकाळी पावसाने त्याला रात्रभर झोडपले तेव्हाही तो कोरडा राहिला, आणि इतकी चांगली वस्तू मी फुकट का दिली हे कोडे त्याला अजून सुटलेले नाही. घाटाच्या वर कोरडा राहणारा तंबू घाटाच्या खाली ओला होतो, याचा अर्थ दोष कापडात नव्हता, हे माझ्या लक्षात यायला तीन पावसाळे आणि सीलंटच्या पाच नळ्या खर्ची पडल्या.

तंबूत पाणी येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. ते आकाशातून कापड भेदून येते, जमिनीवरून वाहत येऊन काठ ओलांडते, खालून तळाच्या कापडातून झिरपते, किंवा हवेतून आणि झोपलेल्या माणसाच्या अंगातून येते. ही शेवटची वाट बहुतेकांच्या हिशेबातच नसते, आणि कोकणातल्या ओल्या सकाळींपैकी बहुतांश तिच्यामुळे होतात असा माझा अनुभव आहे. एका वाटेवरचा उपाय दुसरीवर केला तर त्रास वाढतो. गळतीच्या धास्तीने सगळ्या झडपा बंद करून झोपणारा माणूस सकाळी स्वतःच्याच श्वासाच्या पाण्यात भिजलेला असतो.

आधी पाणी कुठून आले ते ओळखावे

जाग आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, काहीही न पुसता आणि न हलवता, विजेरीच्या उजेडात फ्लायची (आतल्या तंबूवर ताणलेल्या बाहेरच्या आवरणाची) आतली बाजू, तळाचे चार कोपरे आणि मॅटखालची जागा एवढे पाहून घ्यावे. रात्री पाऊस पडलाच नसेल आणि तरीही फ्लायच्या आतून बारीक थेंबांचा सलग थर धरलेला असेल, तर गळतीचा विचार तिथेच सोडून द्यावा. पाऊस पडला असेल तर निदान थोडे अवघड होते, पण अशक्य नसते. गळती ही नेहमी एका जागेची असते: एखादी शिवण, झिपेचा कोपरा, किंवा ताणाची दोरी कापडाला जिथे शिवलेली असते ती जागा. तिथून ओघळ सुरू होतो आणि त्याची वाट बोटाने मागे मागे नेता येते. बाष्पाचे पाणी मात्र सगळीकडे सारखे पसरलेले असते आणि डोक्याच्या बाजूला, जिथे श्वास सोडला जातो तिथे, ते थोडे अधिक असते.

फसवणूक होते ती एका ठिकाणी. फ्लायच्या आतून असा थर धरलेला असताना बाहेर पावसाची जोरदार सर आली की तिच्या माऱ्याने कापड थरथरते आणि आतले थेंब झटकले जाऊन तोंडावर बारीक फवारा येतो. त्या क्षणी कोणालाही असेच वाटते की पाऊस कापडातून गाळून आत येत आहे. अशा वेळी फ्लायचा वीतभर भाग आतून कोरडा पुसून घ्यावा आणि पाऊस चालू असतानाच दहा मिनिटे त्यावर नजर ठेवावी. कापडच पाझरत असेल तर पुसलेली जागा लगेच पुन्हा ओली होते. श्वासाचे पाणी असेल तर ती जागा आजूबाजूच्या तुलनेत बराच वेळ कोरडी दिसते.

मॅटखालच्या पाण्यासाठी परीक्षा त्याहून सोपी आहे. संध्याकाळीच तंबूच्या तळावर, मॅटच्या खाली, जाड प्लास्टिकचा एक तुकडा अंथरावा. सकाळी प्लास्टिकच्या वरच्या बाजूला ओल असेल तर ती हवेतून किंवा अंगातून आली. खालच्या बाजूला, म्हणजे प्लास्टिक आणि तळ यांच्या मध्ये असेल, तर ती जमिनीतून आली. काठावरून वाहत आलेले पाणी आपली खूण स्वतःच सोडते, कारण कोकणात ते जांभ्यावरून आलेले असते आणि कोपऱ्यात तांबूस गाळाची रेघ ठेवून जाते.

श्वासाचे पाणी

पंचवीस अंश तापमानाची हवा पूर्ण दमट झाली की एका घनमीटरमध्ये सुमारे २३ ग्रॅम बाष्प धरते. तीच हवा २२ अंशांपर्यंत थंड झाली की तिची क्षमता सुमारे १९ ग्रॅमवर येते आणि उरलेले पाणी जवळच्या सर्वांत थंड पृष्ठभागावर, म्हणजे फ्लायच्या कापडावर, जमू लागते. एकट्याच्या तंबूत हवा असते ती दीड-दोन घनमीटर, म्हणजे नुसत्या हवेतून निघणारे पाणी दोन चमचेही भरणार नाही. खरा पुरवठा झोपलेल्या माणसाचा असतो. श्वासावाटे आणि त्वचेवाटे रात्रभरात साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी शरीराबाहेर पडते, आणि ते जर बाहेर जाऊ शकले नाही तर कापडावर बसते.

आता देश आणि कोकण यांतला फरक पाहावा. घाटमाथ्यापलीकडे हिवाळ्याच्या रात्री १५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दव धरण्यासाठी कापड जवळजवळ ५ अंशांपर्यंत थंड व्हावे लागते, म्हणजे दहा अंशांची सवलत मिळते. कोकणात पावसाळ्याच्या अखेरीस २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता ही अगदी साधी रात्र आहे, आणि त्या रात्री कापड दोन अंशांनी थंड झाले की काम झाले. निरभ्र आकाशाखाली तर कापड आपली उष्णता सरळ आकाशात सोडत राहते आणि आसपासच्या हवेपेक्षाही थंड होते. म्हणूनच, पाऊस ओसरल्यावर दसऱ्याच्या आसपास ज्या रात्री चांदणे स्वच्छ पडते आणि आपण निर्धास्त झोपतो, त्याच रात्री तंबू बाहेरून दवाने आणि आतून श्वासाने असा दोन्ही बाजूंनी भिजतो. मुसळधार पावसाच्या रात्रीपेक्षा ऑक्टोबरच्या चांदण्या रात्री मी अधिक वेळा ओला उठलो आहे.

हवा खेळती ठेवावी हा सल्ला सगळेच देतात, पण तो आपल्याकडे अर्धाच लागू पडतो हे सांगायचे राहून जाते. बाहेरची हवाच जवळजवळ भरलेली असेल तर ती आत येऊन काही वाळवणार नाही. ती फक्त आपल्या श्वासाचे जास्तीचे बाष्प बाहेर घेऊन जाईल. तेवढ्यासाठीही ती हवीच, मात्र ती येणार कोठून याचा विचार तंबू उभा करतानाच करावा लागतो. शाळेच्या भूगोलात दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे सगळ्यांनी पाठ केलेले असतात, आणि तंबूचे दार मात्र संध्याकाळी जो वारा लागतो त्याकडे पाहून लावले जाते. पावसाळा सरल्यावर दिवे लागणीला पश्चिमेकडून येणारी झुळूक रात्री पडते आणि उत्तररात्री हलका वारा पूर्वेकडून, डोंगराच्या अंगाने खाली येतो. त्यामुळे ऑक्टोबरात झडप आणि दाराची वरची फट पूर्वेकडे, आणि भर पावसाळ्यात तंबूची ठेंगणी बाजू नैर्ऋत्येकडे, अशी मांडणी मला सर्वांत लाभदायक ठरली आहे. दोन्ही टोकांच्या झडपा उघड्या हव्यात, कारण एकाच भोकातून हवा येतही नाही आणि जातही नाही.

जागेचा परिणाम मात्र झडपांपेक्षा मोठा असतो. खाडीचा काठ, व्हाळाचा (ओढ्याचा) तळ, भातखाचरांची सपाटी या जागा संध्याकाळी मोहात पाडतात, पण रात्री डोंगरावरची गार हवा उतरून तिथेच साचते आणि पहाटे धुकेही तिथेच धरते. त्याच उतारावर थोडे वर, पन्नास-साठ फुटांवर एखादी पायरीसारखी सपाट जागा मिळाली तरी फरक जाणवतो. झाडाखाली दव कमी पडते, कारण पानोळा कापडाला आकाशापासून झाकतो. पण पाऊस थांबल्यावरही आंबा किंवा ऐन तासभर ठिबकत राहतो आणि वाळलेली फांदी कधी खाली येईल याचा नेम नसतो, म्हणून मी झाडाच्या घेराच्या अगदी कडेला, वर वाळके लाकूड नाही हे पाहून थांबतो. नारळाखाली तंबू लावणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांना सांगण्यासारखे फार काही नसते. एक झावळ शेजारी पडली की ते स्वतःच जागा बदलतात.

आत ओले कपडे ठेवणे ही बाष्पाच्या त्रासातली सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक आहे. दिवसभर पावसात चाललेल्या माणसाची पँट, शर्ट, मोजे आणि सॅकचे पट्टे यांत मिळून लिटरभर पाणी आरामात असते, आणि ते अंगाच्या उबेने रात्रभर वाफ होऊन वरच्या कापडावर जाऊन बसते. ओले मोजे पांघरुणात घेऊन अंगाच्या उष्णतेवर वाळवण्याची युक्ती थंड आणि कोरड्या हवेत चालते. इथे मोजे ओलेच राहतात आणि पांघरूणही ओले होते. ओले सामान फ्लायखालच्या ओसरीत, जाड पिशवीत तोंड बांधून ठेवावे. चहाचे पाणीही तिथेच, दार उघडे ठेवून उकळावे; स्टोव्ह आत घेतला तर वाफेबरोबर विषारी वायू आणि आगीचा धोकाही आत येतो.

फ्लाय आणि आतला तंबू यांच्यात चार बोटांचे अंतर राहिले पाहिजे, कारण ते एकमेकांना जिथे टेकतात तिथून पाणी आत उतरते. नायलॉन ओले झाले की ताणते आणि फ्लाय सैल पडून पोटासारखा खाली लोंबतो. पॉलिएस्टर त्या मानाने कमी सैलावते. संध्याकाळी कोरड्यात बांधलेल्या दोऱ्या पहिल्या सरीनंतर किंवा झोपण्यापूर्वी एकदा पुन्हा ताणून घेणे हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि बाहेर निघण्याच्या कंटाळ्याने ते टाळणाऱ्यांत मी बरीच वर्षे होतो. दुकानात स्वस्तात मिळणारे काही तंबू असे असतात की त्यांचा फ्लाय टोपीसारखा फक्त माथ्यावर बसतो आणि भिंती उघड्या राहतात. कोकणातला पाऊस सरळ क्वचितच पडतो. झड आडवी आली की त्या भिंतींमधून पाणी येणारच, आणि तिथे कोणताही उपाय चालत नाही. वेगळा फ्लाय नसलेला एकपदरी तंबूही इथे घेऊ नये असे माझे ठाम मत आहे, मग तो वजनाला कितीही हलका असो.

एवढे सगळे करूनही थोडे दव आत धरतेच. त्यासाठी मी सुती पंचा जवळ ठेवतो. जाग येईल तेव्हा फ्लायच्या आतून एकदा हात फिरवायचा, पंचा दाराबाहेर पिळायचा आणि पुन्हा झोपायचे. महागडे जलशोषक रुमालही वापरून पाहिले, पण पिळल्यावर पंचासारखे दुसरे काही मोकळे होत नाही.

सड्यावरचे पाणी

कोकणात तंबूसाठी सपाट जागा बहुधा सड्यावर मिळते, आणि जमिनीवरून येणाऱ्या पाण्याचा बहुतेक त्रासही तिथलाच असतो. जांभ्याचा कातळ वरून कठीण कवचासारखा असल्यामुळे जोराच्या सरीचे पाणी त्यात मुरण्यापेक्षा त्यावरून पातळ चादरीसारखे सरकत जाते. ही चादर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण दोन बोटे उंचीचा अडथळा मिळाला की ती थांबते, आणि तो अडथळा म्हणजे आपला तंबू असतो. रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक आणि आंबोलीला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे आकडे माहीत असूनही संध्याकाळच्या कोवळ्या उन्हात सडा कोरडा दिसला की माणूस ते विसरतो.

जागा वाचायला वनस्पती मदत करतात. गणपतीनंतर सड्यावर जिथे सीतेच्या आसवांचा जांभळा गालिचा पसरलेला असतो किंवा गेंदाची पांढरी बोंडे दाटलेली असतात, तिथे पाणी साचते म्हणूनच ती फुले तिथे असतात. अंथरुणासाठी ती जागा कितीही मऊ दिसली तरी सोडून द्यावी, फुलांसाठी आणि स्वतःसाठीही. मी किंचित उतार असलेली, गवत उंच आणि राठ असलेली जागा शोधतो आणि डोके चढाकडे ठेवून झोपतो. गडग्याच्या (नुसते दगड रचून केलेल्या बांधाच्या) आडोशाला वारा लागत नाही म्हणून बरेच जण त्याला चिकटून तंबू लावतात. चढाच्या बाजूने तिथे पाणी तुंबते, उताराच्या बाजूने ते दगडांच्या फटींतून झिरपते, आणि त्याच फटींत फुरसेही असते. दहा-बारा पावले दूर राहावे.

कातळात खुंटी जात नाही, मग फ्लाय ताणला जात नाही, मग तो आतल्या कापडाला टेकतो आणि पाणी उतरते. म्हणजे जमिनीचा दोष शेवटी छपरात दिसतो. त्यावर उपाय असा की दोरीच्या फासात हातभर लांबीची काटकी आडवी घालावी आणि काटकीवर मोठा दगड ठेवावा. दोरी दगडाला घासत नाही आणि हवी तेव्हा ताणता येते. दगड मात्र गडग्यातून काढू नयेत, जिथून उचलले तिथेच सकाळी परत ठेवावेत, आणि कातळशिल्पांच्या सड्यांवर दगडाला हातच लावू नये. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा ठिकाणची ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत, आणि पावसाळ्यात माती-गवताने भरल्यामुळे त्यांतली काही पायाखाली आली तरी कळत नाहीत. तंबूभोवती चर खणण्याची जुनी सवय याच कारणाने सोडावी. कातळात चर निघत नाही आणि मातीत काढलेला चर पुढच्या सरीला ओहोळ होतो. शिवाय ती जमीन कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. कोकणातले डोंगर आणि सडे मोठ्या प्रमाणात खासगी मालकीचे आहेत, तेव्हा वाडीत विचारून, पोलीस पाटलांना सांगून थांबणे हे एकट्या माणसाच्या सुरक्षिततेचेही काम आहे. वनखात्याच्या हद्दीत आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला परवानगीविना मुक्काम करता येत नाही.

तंबूखाली अंथरायच्या ताडपत्रीने जितके तंबू भिजवले आहेत तितके पावसाने भिजवले नसतील. ताडपत्री तंबूपेक्षा मोठी असली की फ्लायवरून गळणारे पाणी तिच्या बाहेर आलेल्या काठावर पडते आणि ती ते सगळे अंगाखाली आणून सोडते. कोकणातल्या घराची पागोळी जोत्याच्या बाहेर पडते, म्हणून भिंतीचा पाया शाबूत राहतो. तंबूला जोते नसते, तेव्हा ताडपत्रीचा काठ फ्लायच्या आत निदान चार बोटे राहील असा खाली दुमडावा. कातळावर आपटलेले थेंब उसळून फ्लायखालून आत येतात आणि आतल्या भिंतीवर वीतभर उंचीपर्यंत तांबूस शिंतोडे उडतात, तेव्हा झडीच्या बाजूला फ्लाय जमिनीलगत खाली घ्यावा आणि पिशवीत बांधलेली सॅक त्या बाजूला आडवी टाकावी.

तळाच्या कापडाची जलरोधकता १,५०० किंवा ३,००० मिलिमीटर अशी लिहिलेली असते. तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड सहन करते असा त्याचा अर्थ आहे, आणि गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या गुडघ्याखालचा दाब त्याहून जास्त भरतो. म्हणजे तंबू पाण्यात उभा असेल तर आकडा मोठा असूनही गुडघा टेकला की तळ पाझरू शकतो. मोठ्या आकड्यासाठी पैसे मोजण्यापूर्वी जागा निवडायला शिकावे.

कोरडी जागा शोधण्याच्या नादात माणूस दुसऱ्या टोकालाही जातो आणि कड्याच्या पायथ्याशी, वरून झाकल्यासारख्या वाटणाऱ्या कुशीत, किंवा पऱ्याच्या (लहान ओढ्याच्या) कोरड्या वाळूवर तंबू लावतो. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर २२ जुलै २०२१ रोजी डोंगर कोसळला, आणि त्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली गेले. उताराचा पायथा आणि पाण्याची वाट या दोन जागा पावसाळ्यात कधीही मुक्कामाच्या नसतात. हवामान खात्याचा नारिंगी इशारा म्हणजे चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पाऊस आणि लाल इशारा म्हणजे त्याहूनही अधिक. अशा दिवशी तंबूची कोणतीही युक्ती कामाची नाही. हस्ताचा पाऊस दुपार कलल्यावर गडगडाटासह येतो, आणि मोकळ्या सड्यावर तंबू विजेपासून कसलेही संरक्षण देत नाही, तेव्हा ढग दाटून आले की सडा सोडून वाडीकडे उतरावे.

वाडी हाही एक उपाय आहे आणि तो कमीपणाचा नाही. ग्रामदेवतेच्या देवळाचा सभामंडप गुरवांना विचारून मिळतो. रसाळगडावर झोलाईच्या देवळात भटके राहतात ते याच कारणाने. कुडाळकडच्या एका वाडीत, संध्याकाळी मी परड्यात तंबूच्या दोऱ्या ताणत असताना एक आजी बराच वेळ बघत उभ्या होत्या आणि शेवटी म्हणाल्या, "पडवी रिकामी आसा, आणि तू भायर कित्याक निजतस रे झिला?" त्या रात्री माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. पडवीत सुकी जमीन होती, कोपऱ्यात दोरी होती, आणि सकाळी कपडे वाळलेले होते.

खरी गळती

निदान करूनही ओघळ एका शिवणीपाशीच जात असेल तर दुरुस्ती घरीच करावी, आणि आधी खात्री करून घ्यावी. अंगणात तंबू उभा करून एकाने एका बाजूने नळीने वीस मिनिटे पाणी मारावे आणि दुसऱ्याने आत विजेरी घेऊन बसावे. ओलावा दिसला की खडूने खूण करावी. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडावर सिलिकॉनचेच सीलंट धरते आणि पॉलियुरेथेनच्या लेपावर पॉलियुरेथेनचे. उलट केले तर ते पापुद्र्यासारखे सुटून येते, आणि माझ्या पाच नळ्यांपैकी दोन अशाच वाया गेल्या. कापडाचा आतला लेप चिकट झाला असेल, आंबट वास येत असेल आणि पांढरे पापुद्रे निघत असतील, तर ओलाव्याने लेपच कुजला आहे असे समजावे. त्यावर सीलंटचा उपयोग होत नाही.

दुसरी रात्र

बहुतेकांची पहिली रात्र बरी जाते आणि दुसरी बिघडते, कारण सकाळी ओला फ्लाय आणि आतला तंबू एकाच पिशवीत कोंबलेले असतात. दिवसभर सॅकमध्ये उबेत राहिल्यावर फ्लायचे पाणी आतल्या कापडात उतरते, आणि संध्याकाळी उभा केलेला तंबू मुळातच ओला असतो. मग रात्री पडलेल्या प्रत्येक थेंबाचा दोष शिवणीवर जातो. दोन्हींना वेगळ्या पिशव्या हव्यात. फ्लाय सोडताना आधी जोराने झटकावा, पंचाने पुसावा, आणि दुपारी ऊन पडले की जेवायला बसलेल्या जागी कातळावर अर्धा तास पसरावा. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेला जांभा तो खालून वाळवतो आणि वारा वरून. पाऊसच चालू असेल तर निदान आतला तंबू फ्लायच्या आडोशाखाली आधी सोडून कोरड्या पिशवीत घालावा आणि फ्लाय शेवटी काढावा. बहुतेक तंबूंत तशी सोय असते, फक्त घरी एकदा सराव करावा लागतो.

झोपण्याच्या कपड्यांचा एक जोड दुहेरी पिशवीत ठेवावा आणि तो चालताना कधीही अंगावर घालू नये. सकाळी पुन्हा कालचेच ओले कपडे चढवावे लागतात, आणि ते अत्यंत नकोसे असते, पण दोन्ही जोड ओले करून तिसरी रात्र काढण्यापेक्षा ते बरे. पिसांची स्लीपिंग बॅग दमट झाली की तिची ऊब जाते. किनाऱ्याजवळ कृत्रिम धाग्याचे पातळ पांघरूण पुरते, आणि घाटाच्या कडेला थोडे जाड. मात्र तिथे वाऱ्यावर ओल्या अंगाने बसून थंडी भरली, हात थरथरून दोरीची गाठ सुटेनाशी झाली, तर एकट्या माणसाने तो प्रश्न अंधार पडण्यापूर्वी सोडवावा, म्हणजे कोरडे कपडे घालून वाडीकडे उतरावे. रात्री दोन वाजता तो सुटत नाही.

घरी आल्यावर तंबू त्याच दिवशी पिशवीतून काढावा. हाताला कोरडा लागला तरी पट्ट्यांत आणि शिवणीत ओल राहते, म्हणून पडवीतल्या वलणीवर तो दोन दिवस लोंबत ठेवावा, आणि पूर्ण वाळल्यावर घट्ट गुंडाळून न ठेवता सैल घडी करून सुती पिशवीत माळ्यावर टाकावा.